आईच्या फिजिओथेरपिस्ट ताईंना कृतज्ञतेचे पत्र

आदरणीय ताई,

सप्रेम नमस्कार.

गेल्या वर्षभरात आई तीनदा पडली: एकदा मोरीच्या उंबऱ्याशी, एकदा पहाटे पलंगावरून उठताना आणि शेवटी देवघरासमोर, तेव्हा तिचे मनगट मोडले. ज्या दवाखान्यात आम्ही तिला दर वेळी नेले, तिथे पहिल्या दोन वेळा एक्स-रे निघाला, तिसऱ्या वेळी प्लास्टर बसले आणि ‘वय झालं, आजी, जपून चाला’ एवढे ऐकून आम्ही परतलो. ती का पडते, हे तिथे एकाही माणसाने विचारले नाही, याचा राग अजून माझ्या मनातून गेलेला नाही.

आपण सुरुवातच त्या प्रश्नाने केलीत. खुर्चीतून उठून तीन मीटर चालून, वळून, परत येऊन बसायला आईला १९ सेकंद लागले. १२ किंवा त्याहून जास्त लागले तर पडण्याचा धोका धरतात, हे आपण मला नव्हे, तिला समजावून सांगितलेत. निजलेली असताना आणि उभी राहिल्यावर रक्तदाब मोजलात, तेव्हा वरचा आकडा २६ने उतरला आणि त्या पहाटेचा उलगडा झाला. पुढे डॉक्टरांनी गोळ्या बदलल्या.

पण हे पत्र लिहायला बसलो ते आपल्या हातासाठी. एका पावलाच्या बोटांना दुसऱ्या पावलाची टाच लावून दहा सेकंद उभे राहायचे होते. आई थरथरू लागली, तसा मी तिचा दंड धरायला धावलो, तर आपण मला नजरेनेच थांबवलेत. आपला तळहात तिच्या पाठीशी बोटभर अंतरावर होता, पदरालाही लागत नव्हता. सहाव्या सेकंदाला ती कलली तेव्हा तो टेकला, आणि ती सावरताच पुन्हा मागे सरला. आम्ही घरचे तिला वर्षभर दंड धरूनच फिरवत होतो. मायेनेच, पण त्यात तिचा स्वतःच्या पायांवरचा भरवसा गेला. आधार देतानाही समोरच्याचा मान राखणारी माणसे फार थोडी भेटतात, ताई.

रिक्षात आई म्हणाली, “त्यांनी मला धरलं नाही, बघितलंस?”

आता रोज सकाळी ती ओट्याशी उभी राहून आपण दिलेला व्यायाम करते, आणि मी मागे तळहात धरून उभा असतो, बोटभर अंतरावर.

आपला ऋणी,
आईचा धाकटा मुलगा