वाढायचा डाव सगळ्यांचा असतो

माननीय संपादक,

सप्रेम नमस्कार.

सार्वजनिक ठिकाणी जेवताना पाळायच्या स्वच्छतेविषयी लिहावे असे बरेच दिवस मनात होते. गेल्या आठवड्यात एका समारंभात जे पाहिले, त्यानंतर मात्र राहवले नाही. जेवणापूर्वी हात धुण्यासाठी मी बेसिनपाशी उभा होतो. शेजारच्या स्वच्छतागृहातून एक गृहस्थ बाहेर आले, त्यांनी नळाखाली बोटांची टोके जेमतेम ओली केली, तेच ओले हात केसांवरून फिरवले आणि ते तडक जेवणाच्या रांगेत जाऊन उभे राहिले. एका भांड्यातला डाव दांड्यासकट आत घसरला होता. त्यांनी दोन बोटे बुडवून तो वर काढला, वाढून घेतले, बोटे चाटली आणि त्याच हाताने पुढच्या भांड्याचे झाकण उचलले. बेसिनवरची साबणाची बाटली भरलेली होती, नळाला पाणी होते आणि घाई कोणालाच नव्हती.

जेवणाच्या शिष्टाचाराचा विषय निघाला की काटा कोणत्या हातात धरावा आणि रुमाल मांडीवर कसा पसरावा याचीच चर्चा फार होते. मला ती दुय्यम वाटते. हाताने जेवणारा माणूस काट्या-चमच्याने जेवणाऱ्यापेक्षा तसूभरही कमी सभ्य नसतो. हात स्वच्छ असले म्हणजे झाले. खरा प्रश्न आपल्या ताटाबाहेरचा आहे. वाढायचा डाव, पाण्याचा जग, भांड्याचे झाकण, नळाची चावी, खुर्चीची पाठ या वस्तूंना आपल्यानंतर ज्यांचे हात लागणार असतात, ती माणसे आपल्याला ठाऊकही नसतात आणि त्यांना सावध होण्याची कोणतीही संधी आपण दिलेली नसते.

हात नुसते ओले करणे आणि हात धुणे यांत मोठा फरक आहे. साबणाच्या रेणूचे एक टोक पाण्याकडे ओढ घेते, तर दुसरे तेलकटपणाकडे. त्यामुळे त्वचेवरचा तेलकट थर सुटतो, त्यात अडकलेले जंतूही सुटतात आणि चोळल्याने ते पाण्याबरोबर वाहून जातात. यासाठी किमान 20 सेकंद चोळावे लागते, बोटांच्या बेचक्यांत आणि नखांखालीही. शिवाय ओल्या हातांवरून जंतू कोरड्या हातांपेक्षा अधिक सहज पसरतात, म्हणून हात पुसणे हाही धुण्याचाच भाग आहे. अलीकडे अनेक जण खिशातल्या सॅनिटायझरचे दोन थेंब चोळून मोकळे होतात. उलट्या-जुलाबांची साथ पसरवणाऱ्या नोरोव्हायरसवर मात्र अल्कोहोलयुक्त सॅनिटायझरची भिस्त ठेवता येत नाही, आणि त्या विषाणूचे अगदी थोडे कणही माणसाला आजारी पाडायला पुरतात. आजार बरा वाटू लागल्यावरही काही दिवस रुग्णाच्या विष्ठेतून तो बाहेर पडतच असतो.

‘मी ठणठणीत आहे, माझ्यामुळे कोणाला काय होणार?’ असे म्हणणाऱ्यांना मेरी मॅलन हे नाव आठवून द्यावेसे वाटते. न्यूयॉर्कमध्ये घरोघरी स्वयंपाक करणारी ही बाई विषमज्वराचे जंतू शरीरात बाळगून होती, हे 1907 मध्ये उघड झाले. ती काम करून गेलेल्या घरांतली माणसे आजारी पडत होती. ती स्वतः मात्र धडधाकट होती आणि आपल्यामुळे असे काही होते हे तिला अखेरपर्यंत पटले नाही. तिचे न पटणे मी समजू शकतो, कारण जंतू डोळ्यांना दिसत नाहीत. पण आज हे सारे शाळकरी मुलालाही माहीत असताना आपल्याला तशी सबब उरत नाही.

मचमच आवाज करत खाणे, तोंडात घास असताना बोलणे, चारचौघांत दात कोरणे याबद्दल लहानपणी प्रत्येकाने बोलणी खाल्लेली असतात, म्हणून त्यावर अधिक लिहीत नाही. बेसिनवरच्या वागण्याबद्दल मात्र लिहायलाच हवे. चूळ भरणे आवश्यक आहे, पण घशाच्या तळापासून खाकरून, सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात थुंकणे आणि बेसिन तसेच सोडून निघून जाणे यामुळे शेजारच्या टेबलावरच्या माणसाचा घास घशाखाली उतरत नाही. जाताना थोडे पाणी सोडायला कितीसा वेळ लागतो? स्वच्छतागृहात नेलेला मोबाइल ताटाशेजारी ठेवून घासागणिक त्यावर बोट फिरवणाऱ्यांचे धुतलेले हातही वाया जातात. शिंक आली तर अन्नाकडे पाठ करून ती कोपराच्या आतल्या बाजूवर झेलावी. आणि नाक पुसलेला कागदी रुमाल कृपया पाण्याच्या पेल्यात कोंबून ठेवू नये, कारण तो ओला लगदा बाहेर काढायला टेबल आवरणाऱ्या मुलाला स्वतःची बोटे घालावी लागतात. हे मी जवळून पाहिले आहे. त्या मुलाने तोंडातून चकार शब्द काढला नाही, पण त्याची मान दुसरीकडे वळली होती.

उपाहारगृहांच्या चालकांनाही एक विनंती आहे. बेसिन टेबलांना खेटून नसावे, तेथे साबण पाणी घालून वाढवलेला नसावा आणि शेकडो हात पुसून ओला झालेला एकच टॉवेल दिवसभर टांगलेला नसावा. स्वतः वाढून घेण्याची सोय असेल तेथे डाव आत घसरणार नाही इतका लांब असावा आणि तो ठरावीक वेळाने बदलला जावा.

त्या दिवशी मी भिडेपोटी त्या गृहस्थांना काहीच बोललो नाही. वाढणाऱ्याला हळूच सांगून नवा डाव मागवला, तो आलाही. पण तोवर रांगेतल्या चार-पाच जणांनी जुन्याच डावाने वाढून घेतले होते, आणि त्यांत एका आजीबाईंचे ताट होते.

आपला विश्वासू,
एक नियमित वाचक