गंगावेशीतल्या पेशंटचं पत्र

आहारतज्ज्ञ ताईंना,
सा. न. वि. वि.

तुमचं नाव घालत नाही, तुम्हाला ते आवडायचं नाही. गंगावेशीतून फायलींचा गठ्ठा काखेत मारून आलेला तो मी, एवढी ओळख पुरे.

कोल्हापुरात जन्मून 'मला दूध पचत नाही' म्हणायची लाज बाहेरच्यांना कळणार नाही. आमच्याकडे दूधकट्ट्यावर म्हैस समोर पिळायची आणि फेसासकट पेला तोंडाला लावायचा. आजोबा तालमीतले. मी पेला रिचवला की तासा-दोन तासांत पोटात गुडगुड, मग कळ, मग धावपळ. घरात 'नाजूक' म्हणून शिक्का बसला. एका डॉक्टरांनी 'टेन्शन घेऊ नका' म्हणत पित्ताच्या गोळ्या दिल्या. चार वर्षं खाल्ल्या.

तुम्ही गठ्ठा बाजूला ठेवून विचारलंत, "जेवताना ताक घेता, तेव्हा होतं का असं?" होत नव्हतं. एवढी साधी गोष्ट माझी मलाही सुचली नव्हती.

मग फायलीच्या पाठीवर दोन गोल आणि मधे एक रेघ काढलीत. ग्लुकोज आणि गॅलॅक्टोज जोडलेले असले की ते लॅक्टोज. ही रेघ तोडायला लहान आतड्यात लॅक्टेज नावाचं विकर लागतं, आणि अंगावरचं दूध सुटल्यावर बहुतेक माणसांत ते कमी होत जातं. मग न तुटलेली साखर मोठ्या आतड्यात उतरते, पाणी ओढून घेते, तिथले जिवाणू ती आंबवतात आणि वायू धरतो. त्यातला हायड्रोजन श्वासातही येतो, म्हणून फुंकर मारायला लावून तपासणी करतात. "जगातल्या निम्म्याहून जास्त मोठ्या माणसांचं असंच असतं," असं तुम्ही म्हणालात ना, ते मी घरी जाऊन आजोबांच्या फोटोलाही सांगितलं.

तुम्ही दूध कायमचं तोडलं नाहीत, याचे आभार जास्त. दोन आठवडे पूर्ण बंद, मग अर्धा कप, तोही जेवणाबरोबर. मला तेवढं चालतं. दह्यातले जिवाणू निम्मं काम आपणच करतात, तूप तर जवळजवळ निव्वळ स्निग्ध, त्यामुळे वरण-भात-तूप शाबूत राहिला. बासुंदीने मात्र दगा दिला. आटवताना पाणी उडतं, लॅक्टोज तिथेच राहतं, हे बहिणीच्या लग्नात वाटीभर खाल्ल्यावर नीट समजलं! पांढऱ्या रश्श्याची धास्ती होती, पण आमच्या घरच्या रश्श्यातलं दूध नारळाचं. लॅक्टोज-फ्री दूध गोड का लागतं, तेही कळलं: रेघ आधीच तुटलेली, आणि सुट्या साखरा जिभेला जास्त गोड.

कॅल्शियमसाठी तुम्ही नाचणी, तीळ आणि काट्यासकट खायची बारकी मासळी लिहून दिलीत. शेजारच्या बाळाला दुधाने अंगावर पित्त उठतं, तेव्हा त्याच्या आईला मी माझा कागद दाखवायला निघालो होतो. बरं झालं, आधी तुम्हाला फोन केला. ती प्रथिनांची ॲलर्जी असू शकते, तिथे दही-ताकही नको, आधी बालरोगतज्ज्ञांना दाखवा, असं तुम्ही बजावलंत.

आईने तुमच्यासाठी नाचणीचे लाडू केलेत, तुपातले. दुधाचा थेंब नाही, हे तिने मला चार वेळा सांगितलंय. पेशंट मी आहे, तुम्ही नाही, हे तिला कोण सांगणार? सोमवारी डबा घेऊन येतो.

आपला,
गंगावेशीतला पेशंट