ताई, तुमच्या शनिवारांसाठी थँक्यू

ताई, हे तुम्हाला व्हॉट्सॲपवर पाठवलं असतं तर तुम्ही नेहमीसारखं हात जोडून विषय संपवला असता, म्हणून इथे सगळ्यांसमोर लिहितेय.

2017 च्या जूनमधे मी अकोल्याहून मुंबईत, तुमच्याच ऑफिसात नोकरीला आले. पहिल्याच आठवड्यात फोर्टातल्या एका हॉटेलात दुपारी जेवायला गेले तर मॅनेजर म्हणाला, "एकट्याच आहात का मॅडम? मग पार्सल घ्या ना." आवाज न चढवता म्हणाला, पण मला इतकं मेल्याहून मेल्यासारखं झालं की पार्सलही न घेता बाहेर आले आणि पुढचे दोन महिने डेस्कवर बिस्किटं नाहीतर रूमवर मॅगी. आमच्याकडे बाईमाणूस एकटं हॉटेलात जात नाही हो, शेगावला कचोरी खायची तरी अख्खं घर सोबत असतं.

तुम्ही ते बघितलंत, विचारलं काहीच नाहीत. एका शनिवारी हाफ डे संपल्यावर पर्स उचललीत आणि म्हणालात, चल.

बॅलार्ड इस्टेटपर्यंत चालत गेलो. ब्रिटानिया, 1923 चं इराणी हॉटेल, मुख्यतः दुपारच्या जेवणाचं. मी मेन्यू वाचायला लागले तर तुम्ही तो माझ्या हातातून घेऊन बाजूला ठेवलात. बेरी पुलाव आला, वर त्या लालबुंद बारीक बेऱ्या, इराणहून येणाऱ्या, दाताखाली आल्या की आंबट पिचकारी उडते आणि खालचा भात मऊ, तुपकट, मधे मसाल्याचं मटण. मला तोपर्यंत पुलाव म्हणजे लग्नातला मटार घातलेला पिवळा भात एवढंच माहीत होतं. तिथले म्हातारे मालक बोमन कोहिनूर तेव्हा अजून टेबलांमधून फिरायचे, गिऱ्हाइकांशी गप्पा मारायचे. 2019 मधे ते गेल्याची बातमी आली तेव्हा मी पहिला फोन तुम्हाला केला होता, आठवतंय?

त्या दिवशी तुम्ही जे सांगितलंत ते मी अजून पाळते. प्रत्येक हॉटेल एखाद्याच गोष्टीवर उभं असतं, ती कुठली ते शोधायचं आणि तेवढीच मागायची. माणसाला काय मागायचं ते पक्कं ठाऊक असलं की वेटर त्याला एकटं समजत नाही, असं तुमचं म्हणणं. हे मला कोणी सांगितलंच नव्हतं! माझी भीती एकटं बसण्याची नव्हती, ते मेन्यूकडे बावरून बघत बसण्याची होती.

मग शनिवारमागून शनिवार. धोबीतलावचं कयानी, तेही इराणी, 1904 चं, लाल चौकड्याचे टेबलक्लॉथ, तिथे ब्रून मस्का, म्हणजे लोणी लावलेला कडक पाव, चहात किती वेळ बुडवायचा हे तुम्ही दाखवलंत, जास्त ठेवला तर लोणी सगळं चहावर तरंगतं आणि कमी ठेवला तर टाळू सोलून निघते. इराण्याकडे एकटा माणूस हेच मुळात खरं गिऱ्हाईक, ऑफिसात जाताजाता चहा मारणारा, म्हणून सुरुवात तिथून कर म्हणालात. दादरला आस्वादची मिसळ, जिला 2015 मधे लंडनचं बक्षीस मिळालं, त्यावर आपलं भांडण अजून मिटलेलं नाही, विदर्भाच्या जिभेला ती गोडसर लागते आणि मी तिथे थालीपीठच खाणार. कॅफे मद्रासची रसम इडली मात्र, त्यावर वाद नाही.

आणि गिरगावात खोताच्या वाडीत अनंताश्रम खानावळीच्या बंद दारासमोर आपण उभ्या होतो ती संध्याकाळ. मी मुंबईत यायच्या आधीच ते बंद झालेलं, मला तिथला घास कधीच मिळणार नाही, पण तुम्ही तिथल्या माशांच्या जेवणाबद्दल असं बोलत होतात की मासे न खाणाऱ्या माझ्याही तोंडाला पाणी सुटलं. पहिला पगार झाल्यावर तुम्ही तिथे एकट्याच गेला होतात म्हणे. त्या काळी, नोकरीला लागून महिनासुद्धा पुरता झाला नसताना! तेव्हा मला कळलं की तुम्ही मला हे सगळं का दाखवत होतात.

मग एका शनिवारी म्हणालात, आज मला जमणार नाही, माटुंग्याला रामा नायककडे तू जाऊन ये. तुम्हाला काही काम नव्हतं हे मला नंतर कळलं. स्टेशनबाहेर मार्केटवरचा तो जिना चढताना पाय जड झाले होते, 1942 पासून लोक जिथे जेवतायत तिथे मी एक कोण अशी, पण समोर केळीचं पान आलं आणि वाढणारा थांबेचना. रसम पानावरून पळायला लागलं तर शेजारच्या अनोळखी काकूंनी भाताला आळं करून दाखवलं. त्या पण एकट्याच होत्या. पोट फुटेस्तोवर जेवले ताई, आणि खाली उतरून तुम्हाला फोन केला तर तुम्ही एवढंच विचारलंत, "दही खाल्लंस ना?"

मागच्या महिन्यात आई आली होती. तिला दादरला प्रकाशमधे नेलं, ती दाराशी थांबली, "आपण दोघीच?" म्हणाली. वय 56, आणि घरातल्या पुरुषांशिवाय हॉटेलात बसायची तिची पहिली वेळ. मी मेन्यू बघितलाच नाही, दोन साबुदाणा वडे, दोन पियूष असं सांगून मोकळी झाले. आईनं वडा मोडला, वाफ आली, मग पियूषचा घोट घेतला आणि त्यात जायफळ आहे का, श्रीखंड ताकात फेटतात का, असं सगळं वेटरलाच विचारायला लागली. आणि मी फोनवर बोलत होते तेवढ्यात तिनं स्वतःच हात वर करून आणखी एक पियूष मागवलं. मी तिला काहीच शिकवलं नव्हतं, खरंच.

थँक्यू ताई. रिटायर होऊन तुम्ही बदलापूरला गेलात तेव्हा निरोप समारंभात मला हे काहीच बोलता आलं नाही, नुसती रडले.

दिवाळीनंतर आई परत येतेय, तिला तुम्हाला भेटायचंय. शनिवारी सकाळी अकराला प्रकाशच्या बाहेर या, गर्दी असते, मी आधी जाऊन तिघींची जागा धरते. गुडघे दुखत असतील तर दादरला उतरल्यावर फोन करा, मी स्टेशनवर घ्यायला येते.

तुमची,
शनिवारवाली