जुना डबा सापडला नाही तर ‘नाही सापडला’ असंच लिहा

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

मी मूळची साताऱ्याची, गेली चौदा वर्षं अमेरिकेत डेन्व्हरला राहते. तुमचा पेपर मी रोज सकाळच्या चहाबरोबर मोबाईलवर वाचते, तुमच्याकडे तेव्हा संध्याकाळ झालेली असते. पत्र मात्र पहिल्यांदाच लिहितेय.

कारण असं झालं की मागच्या महिन्यात आमच्या इथल्या एका मराठी व्हॉट्सॲप ग्रुपवर लाँग वीकेंडचं प्लॅनिंग चाललं होतं आणि जुने जिओकॅश, म्हणजे लोकांनी खेळ म्हणून लपवून ठेवलेले डबे, शोधत फिरायचा विषय निघाला, तेव्हा एकाने लिहिलं की जाताना खिशात दोन-चार छोट्या डब्या ठेवा, नाही सापडला तर आपली एक ठेवून द्या आणि सरळ ‘सापडला’ म्हणून नोंद करून मोकळे व्हा. त्याला धडाधड अंगठे मिळाले. मला ते फार लागलं. मी उत्तर दिलं पण ग्रुपवर काय, दहा मिनिटात ते वर निघून गेलं, त्यानंतर कुणीतरी वाढदिवसाच्या शुभेच्छा टाकल्या आणि विषय संपला. तुमच्या कितीतरी वाचकांची मुलं इथे आहेत, दर उन्हाळ्यात आईवडील येतात, गाडीतून लांब लांब फिरतात, म्हणून म्हटलं हे पेपरलाच लिहावं.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. कॅश म्हणजे इथे पैसे नव्हेत, लपवून ठेवलेला साठा. कुणीतरी एक डबा कुठेतरी लपवतो, आत एक वही ठेवतो, त्या जागेचे अक्षांश-रेखांश वेबसाइटवर टाकतो, आपण जीपीएसवर तिथे जायचं, डबा शोधायचा, वहीत नाव-तारीख लिहायची, डबा होता तसाच परत ठेवायचा आणि घरी येऊन ऑनलाइन नोंद करायची. सापडला तर सापडला, नाही तर डीएनएफ, म्हणजे ‘नाही सापडला’. आज जगात असे तीस लाखाहून जास्त डबे आहेत.

हे सुरू झालं ते अगदी तारखेनिशी सांगता येतं. अमेरिकन सरकार सामान्य लोकांसाठीचा जीपीएस सिग्नल मुद्दाम बिघडवून ठेवायचं, त्यामुळे जागा शंभर मीटर इकडेतिकडे दाखवायची. मे २००० च्या सुरुवातीला अध्यक्ष क्लिंटन यांच्या आदेशाने ते बंद झालं आणि एका रात्रीत साध्या हँडसेटला दहा-वीस मीटरच्या आत जागा कळायला लागली. लगेच ३ मे २००० ला डेव्ह उल्मर नावाच्या माणसाने ओरेगन राज्यात बीव्हरक्रीक जवळ एक काळी बादली लपवली, त्यात वही-पेन्सिल, पुस्तकं, व्हिडिओ, एक गलोल आणि बीन्सचा एक सीलबंद डबा होता, आणि आकडे इंटरनेटवर टाकले. नियम एवढाच, काहीतरी घ्या, काहीतरी ठेवा. ती बादली आता नाही, तिथे एक स्मरणफलक बसवलाय, आणि बीन्सचा तो डबा पुढे तिथेच सापडला.

बाकी लाखो डबे असताना जुन्यांसाठीच लोक शेकडो मैल गाडी का चालवतात? एक तर या खेळात असा एक तक्ता असतो, मे २००० पासून आजपर्यंतच्या प्रत्येक महिन्यात लपवलेला किमान एक तरी डबा आपण शोधलेला हवा, म्हणजे आता तीनशेहून जास्त चौकोन. २०१० नंतरचे चौकोन आपल्या गावातच भरतात, २००१-०२ साठी शेजारच्या राज्यात जावं लागतं, आणि २००० च्या ऑगस्टसारख्या महिन्याचे तर जगात मोजकेच उरलेत, त्यासाठी लोक विमानं पकडतात. पण चौकोन हे निमित्त. खरं म्हणजे जुना डबा हातात घेतल्यावर, पंचवीस वर्षांपूर्वी एक माणूस इथे आला होता, त्याने ही जागा निवडली, आणि मधे कुणीतरी सारखं येऊन हे जपलं, हे जे हाताला कळतं ना, ते नव्या डब्यात नाही मिळत.

आता आमची ट्रिप. आई साताऱ्याहून आली होती, बाहत्तर वर्षांची आहे, गुडघे बरे आहेत. मी, आई आणि माझी अकरा वर्षांची मुलगी अशा तिघी आय-७० हायवेने पूर्वेला कॅन्ससकडे निघालो. हा रस्ता इथले लोक कंटाळवाणा म्हणतात, मला तसं वाटत नाही. लायमन, बर्लिंग्टन, मग राज्याची हद्द, दोन्ही बाजूला गव्हाचं रान आणि दर वीस मैलांवर धान्याची पांढरी उंच कोठारं, आकाश एवढं मोठं की ढगाची सावली शेतावरून सरकत येताना लांबूनच दिसते. गुडलँडला चित्रकार कॅनव्हास ठेवतात तसल्या ८० फुटी घोडीवर व्हॅन गॉगच्या सूर्यफुलांचं चित्र उभं केलंय, तिथे थांबून थालीपीठ खाल्लं. तिथून पुढे कोल्बीला पोचेपर्यंत घड्याळ एक तास पुढे जातं, आईला हे एकाच राज्यात दोन वेळा प्रकरण काही केल्या पटेना.

कोल्बीच्या थोडं पुढे मिंगो. हायवेलगतची अगदी लहानशी वस्ती, पण इथला डबा, वेबसाइटवरचा त्याचा क्रमांक जीसी३०, हा ११ मे २००० ला लपवलेला, म्हणजे त्या पहिल्या बादलीनंतर आठच दिवसांनी, आणि आज चालू असलेल्या सगळ्या डब्यांत तो सगळ्यात जुना. हजारो लोक येऊन गेलेत. कुठे आहे, कशात आहे ते लिहीत नाही, जाणाऱ्याची मजा जाईल. आम्हाला तो पाच मिनिटात सापडला, आईने वहीत मराठीत सही केली आणि खाली ‘सातारा’ लिहिलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी कोल्बीहून उत्तरेला ॲटवूडच्या दिशेने निघालो, तिथून पुढे आडरस्त्यावर २००१ चा एक डबा होता, नाव लिहीत नाही कारण पुढे जे सांगणारे त्यात कुणाला बोट दाखवायचं नाहीये. माझा जुलै २००१ चा चौकोन रिकामा होता. गाडी खडीच्या रस्त्यावर लावली, या भागात रॅटलस्नेक असतात म्हणून बूट आणि हातात काठी. वेबसाइटवर लिहिलेलं की लष्करी अम्मो कॅन आहे, म्हणजे बंदुकीच्या गोळ्यांची हिरवी लोखंडी पेटी, झाकणाला रबर असल्यामुळे पाणी आत जात नाही, आणि हिंट होती ‘लहान सीडरच्या खाली’, सीडर म्हणजे इथलं एक सदाहरित झाड. फोनने आकडे दाखवले तिथे पोचलो तर कुंपणाच्या खांबाशी दगडाखाली फोटोच्या रोलची काळी प्लॅस्टिकची डबी. आत भिजून लगदा झालेला कागद. मुलगी ओरडली, सापडला सापडला! मी पण खरं सांगते, कागदाच्या कोपऱ्यावर सही करायला पेन काढलं होतं.

आई म्हणाली, “अगं, तू तर म्हणालीस लोखंडी पेटी आहे, मग ही औषधाची डबी कुठून आली?”

मी तिला समजावलं की कुणीतरी बदलली असेल. तिला ते पटलं नाही. ती म्हणाली, लहान झाड होतं ना, मग चोवीस वर्षांत ते काय लहान राहिलं असेल का, मोठं झाड बघ. या गवताळ भागात सीडर भराभर वाढतं आणि पसरतं हे मला माहीत होतं पण डोक्यात आलंच नाही. वर २००१ सालच्या हँडसेटचे आकडे आजच्या फोनशी जुळतीलच असं नाही, दहा-पंधरा मीटरचा फरक सहज पडतो, म्हणून जुन्या डब्यासाठी कायम मोठं रिंगण धरून शोधायचं असतं, आणि हे मी स्वतः लोकांना सांगत आले होते. तीस-चाळीस पावलांवर पंधरा फुटी सीडर होतं, फांद्या पार जमिनीला टेकलेल्या. आईने काठी आत घातली आणि टण्ण आवाज आला.

पेटी बाहेर काढायला अर्धा तास गेला, झाड तिच्याभोवती वाढलं होतं. रबर शाबूत, आत कोरडं ठाक. वहीचं पहिलं पान २००१ चं, शाईसुद्धा फिकी झालेली नाही, एका कुटुंबाने २००४ मधे आणि परत २०१३ मधे सही केलीये, पहिल्या वेळी मुलीचं नाव मोठ्या वाकड्या अक्षरात आणि दुसऱ्या वेळी तीच मुलगी नीट अक्षरात. आणि मग एका तारखेनंतर वही कोरी.

मोटेलवर येऊन मी जुन्या नोंदी एकेक करून वाचल्या. दोन जणांना डबा सापडला नव्हता, त्यांनी तसं प्रामाणिकपणे लिहिलं होतं, पण मालकाने, म्हणजे ज्याने डबा लपवला त्याने, वर्षानुवर्षं लॉगिनच केलेलं नव्हतं त्यामुळे कुणी जाऊन बघितलं नाही. तिसरा आला, त्यालाही सापडला नाही, त्याने डबी ठेवली आणि लिहिलं की डबा गहाळ दिसतोय, खेळ चालू राहावा म्हणून नवीन ठेवलाय. त्याचा हेतू वाईट होता असं मी म्हणणार नाही. पण त्यानंतर जे साठ-सत्तर लोक दुरून दुरून तिथे आले ते सगळे त्या डबीवर सही करून परत गेले, आणि खरी पेटी चाळीस पावलांवर झाडाखाली तशीच पडून होती.

म्हणून मला कळकळीने सांगायचंय की ‘नाही सापडला’ लिहिण्यात काही कमीपणा नाही. ती एक नोंद मालकाला सांगते की जाऊन बघ, दोन-तीन झाल्या की देखरेख करणारे स्वयंसेवक मालकाला विचारतात. आपण डबी टाकली की हा निरोपच तुटतो, वर सगळं ठीक दिसतं आणि खाली कुणाचंच लक्ष नाही. डबा खरंच गेला असेल तर तो बदलायचा हक्क मालकाचा, त्याने बदलला तर डबा तोच राहतो, माझ्या लेखी तरी. म्हणून ती काळी डबी पण मी उचलली नाही, नोंदीत सगळं लिहिलं आणि सोडून आले.

ज्यांनी कधीकाळी डबे लपवलेत, आपल्या मराठी लोकांनीही इथे बरेच लपवलेत, त्यांनाही एक विनंती. दुसऱ्या राज्यात जाताना किंवा कायमचं भारतात परतताना डबा गावातल्या कुणाच्या तरी नावावर करून द्या, वेबसाइटवर दत्तक द्यायची सोय आहे, दोघांची संमती लागते एवढंच. मालकच गायब झाला तर दुसऱ्या कुणाला तो परस्पर घेता येत नाही, आणि एकदा तो बंद म्हणून नोंदला गेला की दत्तकही देता येत नाही. २००१ चा डबा बंद झाला की तो गेलाच, त्याच जागी नवा ठेवला तरी त्याच्यावर आजचीच तारीख पडते.

आणि संपादक साहेब, तुमच्या पुरवणीत अमेरिका बघायला येणाऱ्यांसाठी नायगारा, ग्रँड कॅन्यन असतंच, कधीतरी या खेळावरही सविस्तर द्या. आईवडिलांना मॉलमधे बसवून ठेवण्यापेक्षा हे फार चांगलं आहे, माझी आई त्या दिवसानंतर रोज संध्याकाळी विचारायची, जवळपास अजून एखादी पेटी आहे का. फक्त नियम पण छापा, पुरायचं नाही, खासगी जागेत विचारल्याशिवाय जायचं नाही, राष्ट्रीय उद्यानांत परवानगीशिवाय डबा ठेवायचा नाही, आणि होता तसा परत ठेवायचा.

त्या पेटीच्या मालकाला मी वेबसाइटवरून निरोप पाठवलाय, वहीच्या पहिल्या पानाचा फोटो पण जोडलाय, आणि ॲटवूडच्या बाजूला राहणाऱ्या एका शोधणाऱ्या बाईंनी सांभाळायची तयारी दाखवलीये तेही कळवलंय. तीन आठवडे झाले, अजून उत्तर नाही. आलं तर तुम्हालाही कळवीन.

आपली एक वाचक,
सातारा, सध्या मुक्काम डेन्व्हर