मुंबई–लंडन विमानप्रवासाची वेळ चुकीची दाखवल्याबद्दल तक्रार

प्रति,
ग्राहक सेवा व्यवस्थापक

विषय: ॲपवरील चुकीची प्रवासवेळ आणि त्यापोटी आकारलेले बदलशुल्क

महोदय/महोदया,

माझ्या आईच्या गुडघ्याची शस्त्रक्रिया ऑक्टोबरात झाली. जानेवारीत तिला लंडनला बहिणीकडे पाठवायचे ठरले, तेव्हा डॉक्टरांनी बजावले होते की सलग सहा तासांहून जास्त बसवू नका, पायात रक्ताची गुठळी होऊ शकते. तुमच्या ॲपवर थेट विमान दिसले. मुंबईहून दुपारी १ वाजता सुटणार, लंडनला संध्याकाळी ६ वाजता पोहोचणार, आणि खाली ठळक अक्षरांत ‘प्रवासाची वेळ ५ तास’. त्या भरवशावर तिकीट काढले.

विमान कंपनीचे ई-तिकीट आले त्यात साडेदहा तास लिहिले होते, आणि तेच खरे आहे. लंडनचे घड्याळ हिवाळ्यात आपल्यापेक्षा साडेपाच तास मागे असते. तुमच्या ॲपने मुंबईची १ आणि लंडनची ६ ही दोन वेगळ्या घड्याळांतली वेळ सरळ वजा केली. परतीच्या विमानाला हीच चूक उलटी होते: लंडनहून रात्री ९ ला सुटून दुसऱ्या दिवशी सकाळी साडेअकराला मुंबई, म्हणजे नऊ तासांचा प्रवास, तुम्ही साडेचौदा तास दाखवता.

त्याच पानावर तुम्ही अंतर दिले आहे सुमारे ७,२०० किलोमीटर. ते बरोबर आहे. मग हे अंतर पाच तासांत कापायला ताशी १,४४० किलोमीटर वेग लागेल, म्हणजे आवाजाहूनही जास्त. असे विमान कॉन्कॉर्ड होते, ते २००३ मध्येच बंद झाले. आजची प्रवासी विमाने ताशी साधारण ९०० किलोमीटरने जातात, त्यात पश्चिमेकडे जाताना वारा समोरून येतो. दोन आकडे शेजारी शेजारी असताना तुमच्याकडे कोणाच्याच लक्षात आले नाही, याचा मला संताप येतो. ज्या घरी आजारी माणूस असते, तिथे हा आकडा बघून औषधे, जेवण, व्हीलचेअर सगळे ठरते.

आईचे तिकीट बदलून वाटेत थांबा असलेले घ्यावे लागले. तुम्ही त्याचे ६,५०० रुपये बदलशुल्क कापले. फोनवर उत्तर मिळाले, ‘वेळ अंदाजे असते.’ पाच-दहा मिनिटांचा फरक अंदाज म्हणून चालेल, साडेपाच तासांचा नाही.

माझी मागणी आहे की बदलशुल्क परत करा, आणि प्रत्येक वेळेसमोर ती कोणत्या शहराची आहे हे लिहून प्रवासाची वेळ नीट मोजा. चूक दुरुस्त होईपर्यंत परदेशी विमानांसमोरचा तो आकडाच काढून टाका. तिकिटाच्या व ॲपच्या पानाच्या प्रती सोबत जोडल्या आहेत. पंधरा दिवसांत लेखी उत्तर न आल्यास १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवून पुढे ग्राहक आयोगाकडे जाईन.

आपली,
एक ग्राहक
विलेपार्ले (पूर्व), मुंबई