तक्रार: आगाऊ रक्कम घेतल्यावर १,५८,००० चं किचन २,७३,१७० चं कसं झालं?

प्रति,
व्यवस्थापक, ग्राहक तक्रार विभाग

विषय: मॉड्युलर किचनचं फसवं अंदाजपत्रक, चुकीचं माप आणि आगाऊ भरलेले ६०,००० रुपये परत न करणे

आज दुपारी तुमच्या ग्राहक सेवेतल्या माणसाशी बोलले, तो माझा सातवा फोन. आठवा करणार नाही, म्हणून हे लिहिते आहे. पावती, दोन्ही कोटेशनं आणि तुमच्या डिझायनरने पाठवलेलं ड्रॉइंग सोबत जोडलं आहे. कारकस म्हणजे कपाटाचा सांगाडा, शटर म्हणजे दार, टँडम म्हणजे सरकता ड्रॉवर, हे तुम्हाला सांगायची गरज नाही. धंदा तुमचा आहे.

जानेवारीत गड्ड्याची यात्रा चालू होती, तेव्हा आम्ही दोघं तुमच्या सोलापूरच्या शोरूममध्ये आलो. खुर्चीत बसल्यावर मी पहिलं वाक्य हेच बोलले, की अख्ख्या स्वयंपाकघराला मिळून २,५०,००० रुपये आहेत आणि त्याच्यावर जाता येणार नाही. हे पैसे पाच वर्षं दर महिन्याला ३,५०० रुपये पोस्टाच्या आरडीत भरून जमवले. व्याजासकट २ लाख ४४ हजारांच्या आसपास हातात आले, वरचे घरातून घातले. वाटणी वहीत लिहून आणली होती. ट्रॉल्या आणि कपाटं १,६०,०००. ग्रॅनाइटचा ओटा बसवून २८,०००. शेगडी आणि चिमणी २७,०००. नळ, वायरिंग, टाइल्स २०,०००. उरलेले १५,००० हाताशी, कारण जुनी भिंत फोडली की काहीतरी निघतंच. तुमच्या डिझायनरने ती वही स्वतःच्या हातात घेऊन वाचली, "मॅडम, प्लॅनिंग मस्त आहे" म्हणाला आणि दहा मिनिटांत कागद दिला: १६ रनिंग फूट (म्हणजे ओट्याच्या लांबीचे फूट), दर ९,८७५, एकूण १,५८,०००. माझ्या आकड्यापेक्षा बरोबर दोन हजारांनी कमी. आम्हाला इतका आनंद झाला की तिथेच ६०,००० भरून आलो.

फेब्रुवारीच्या शेवटी दुसरं कोटेशन आलं. २,७३,१७० रुपये. तेही फक्त कपाटांचे. ओटा, शेगडी, चिमणी, नळ यातलं काहीही त्यात नाही. म्हणजे माझ्या सगळ्या स्वयंपाकघराच्या बजेटपेक्षा नुसत्या कपाटांचे २३,१७० जास्त.

ते कोटेशन मी ओळ न ओळ वाचलं आहे. पहिल्या कागदावर १६ फूट होते, दुसऱ्यावर १८ झाले. खोली तीच आहे. एक बाजू १० फूट, दुसरी ८. ओटा एल आकाराचा, म्हणून कोपऱ्याचे दोन फूट दोन्ही बाजूंना येतात आणि ते एकदाच धरायचे असतात. तुम्ही दोनदा धरले. त्याचे १९,७५० वाढले. त्याच कोपऱ्यात बसवायच्या युनिटचे पुन्हा वेगळे १३,५००. एका कोपऱ्याचे पैसे ग्राहकाने तीनदा द्यायचे, असा हिशोब तुमच्याकडे कोण तपासतं, त्याचं पद मला लेखी कळवा.

त्याखाली ड्रॉवर आणि बास्केट २४,०००. सॉफ्ट क्लोज बिजागऱ्या ५,७५०. वाहतूक आणि फिटिंग १०,५००. या सगळ्यावर १८ टक्के जीएसटी, म्हणजे ४१,६७०. जीएसटी भरायला माझी ना नाही. पण तो लागणार हे जानेवारीत तुम्हाला ठाऊक होतं ना? ड्रॉवरला शटरपेक्षा जास्त पैसे पडतात हेही ठाऊक होतं. मग "रनिंग फूट" असा एकच दर लावून, त्या फुटात खाली ड्रॉवर किती आणि नुसते शटर किती हे न लिहिता, कागद दिलाच कसा? आमच्या शेजारच्या सुताराने वहीच्या पानावर प्लाय, सनमायका, चॅनेल, बिजागरी, मजुरी असं एकेक लिहून दिलं होतं. त्याला सोडून आम्ही तुमच्याकडे आलो, कारण कंपनी म्हटलं की हिशोब चोख असेल असं वाटलं.

मापाचं सांगते. तुमच्याकडे कामाला असलेला मुलगा वीस मिनिटांत माप घेऊन गेला. आमच्याकडे उजनी धरणाचं पाणी रोज येत नाही, चार-पाच दिवसांतून एकदा येतं. पिण्याच्या पाण्याचे हंडे आणि एक बॅरल घरात ठेवावंच लागतं. ते कुठे ठेवायचं, हे त्याने विचारलं नाही. मी दाखवलं, त्याने लिहून घेतलं नाही, आणि ड्रॉइंगमध्ये त्या जागी लांब उभं कपाट आलं. ज्या खिडकीतून चिमणीचा पाइप बाहेर काढायचा, त्या खिडकीवरून ओव्हरहेड, म्हणजे ओट्याच्या वरचं, कपाट गेलंय. ओट्याची उंची ३४ इंच. माझी उंची ४ फूट ११ इंच आहे. ओटा हाताच्या कोपरापासून चार-सहा इंच खाली हवा, भाकरी थापायला तर आणखी खाली. मी ३१ इंच सांगितले होते. उत्तर आलं, "आमचं मॉड्युल स्टँडर्ड असतं." म्हणजे कपाट आधीच ठरलेल्या मापाचं. मग घरी येऊन माप कसलं घेतलं?

सिंकखालच्या कपाटाला मी आयएस ७१० चा बीडब्ल्यूपी, म्हणजे पाण्याने खराब न होणारा, प्लाय मागितला होता, कारण पाणी येतं त्या दिवशी तिथे पाइप, बादल्या, सांडलवंड, सगळं एकदम चालतं. कोटेशनवर लिहून आलं "इंजिनिअर्ड वुड". मी विचारलं, म्हणजे भुसा दाबून केलेला पार्टिकल बोर्ड का? तर तुमचा माणूस म्हणाला, "मॅडम, इंजिनिअर्ड आहे." तीनदा विचारलं, तीनदा हेच. पार्टिकल बोर्डात पाणी शिरलं की तो फुगतो आणि पुन्हा बसत नाही, हे तुम्हाला माहीत आहे. म्हणूनच साधं नाव घेत नाहीत.

आता आजचा फोन. हा शब्दशः वाचा. फोन स्पीकरवर होता, शेजारी सासूबाई बसल्या होत्या.

मी विचारलं, १,५८,००० सांगून २,७३,१७० कसे झाले? तुमचा माणूस म्हणाला, "मॅडम, तुम्हीच बजेट सांगितलं होतं ना? म्हणून त्यात बसेल असा आकडा दिला. तो फायनल थोडाच होता." मी पुन्हा विचारलं, म्हणजे खरा खर्च तुम्हाला तेव्हाच माहीत होता? "अंदाज असतो मॅडम." मग मला का नाही सांगितला? त्यावर तो हसला. मला स्पष्ट ऐकू आलं. म्हणाला, "पुण्याची गिऱ्हाइकं एवढं फूट-इंच विचारत बसत नाहीत. आणि परवडत नसेल तर ओव्हरहेड कमी करा." मी म्हटलं, राहू दे, निदान ओटा तरी ३१ इंचांवर करून द्या, घरात रोज भाकरी होते. त्यावर तो म्हणाला, "सोलापुरात भाकरी गल्लोगल्ली विकत मिळते की. त्यासाठी कोण मॉड्युल बदलतं?"

सासरे गिरणीत होते. गिरणी बंद पडल्यावर सासूबाईंनी ज्वारीच्या भाकऱ्या करून विकल्या आणि तीन मुलं शिकवली. गल्लोगल्ली जी भाकरी मिळते, ती अशाच कुणीतरी चुलीपुढे बसून थापलेली असते. त्या काही बोलल्या नाहीत. उठून आत गेल्या. मला तुमच्या पावणेतीन लाखांच्या आकड्यापेक्षा तेच जास्त लागलं. हे किचन मी त्यांच्या डोळ्यांदेखत व्हावं म्हणून काढलं होतं.

आणि आमच्या स्वयंपाकघरात आज ओटा नाही. "ऑर्डर फॅक्टरीत गेली, तोडून घ्या" असं तुमच्याच डिझायनरने सांगितलं, म्हणून जुना कडाप्प्याचा ओटा आम्ही फेब्रुवारीत तोडला. ऑर्डर फॅक्टरीत गेलीच नव्हती, हे मार्चमध्ये कळलं. तेव्हापासून हॉलमध्ये टेबलावर शेगडी ठेवून स्वयंपाक चाललाय. आता एप्रिल आहे. सोलापूरचा एप्रिल काय असतो ते तुमच्या शोरूममधल्या कुणालाही विचारा. पंखा लावला की गॅस विझतो, बंद केला की उभं राहवत नाही.

ऑर्डर रद्द करते म्हटलं, तर ६०,००० मधून २५,००० "डिझाइन फी" कापणार म्हणे. पावतीवर "किचन ऑर्डर आगाऊ" एवढंच लिहिलंय. डिझाइन फीचा शब्द कुठेही नाही, रक्कम परत मिळणार नाही असंही नाही. आणि डिझाइन कुठलं? खिडकी बुजवणारं? कोपरा दोनदा मोजणारं?

माझं म्हणणं एवढंच आहे. एक तर पहिल्या कागदावरचे १,५८,००० धरून, १६ फूट मोजून, सिंकखाली आयएस ७१० प्लाय आणि ओटा ३१ इंच, असं एकेका वस्तूचा दर आणि जीएसटी दाखवणारं सहीशिक्क्याचं कोटेशन द्या. माझ्या वहीत कपाटांना १,६०,००० आहेत आणि हाताशी १५,०००, त्याच्यापुढे मी जाऊ शकत नाही. हे जमत नसेल तर पूर्ण ६०,००० परत करा. त्यातून एक रुपया कापलेला मान्य नाही. मुदत हे पत्र मिळाल्यापासून १५ दिवस.

तोवर उत्तर आलं नाही, तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ क्रमांकावर तक्रार नोंदवेन आणि सोलापूरच्या जिल्हा ग्राहक आयोगात जाईन. ग्राहक संरक्षण कायदा २०१९ प्रमाणे मी राहते तिथेच तक्रार दाखल करता येते, तुमचं मुख्य कार्यालय कुठे आहे याने फरक पडत नाही. पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला फी नाही. आजच्या फोनचं रेकॉर्डिंग माझ्याकडे आहे. "बजेट सांगितलं म्हणून आकडा दिला" हे वाक्य मी आयोगापुढे ऐकवणार आहे.

आमच्या सोसायटीत आणखी दोन घरांची किचनं व्हायची आहेत. दोघीही आमच्याकडे तुमचं काम बघून ठरवणार होत्या. त्यांना मी दोन्ही कोटेशनं दाखवली आहेत.

फोनवरच्या त्या माणसाने सासूबाईंना उद्देशून लेखी माफी मागावी. ही मागणी पैशांच्या मागणीपेक्षा वेगळी आहे आणि पैसे परत दिल्याने ती संपत नाही.

पैसे ज्या खात्यातून भरले त्याच खात्यात जमा करा. फोन करू नका. जे असेल ते लिहून पाठवा.

तुमची ग्राहक,
जुळे सोलापूर

सोबत: पावतीची प्रत, दोन्ही कोटेशनं, ड्रॉइंग, माझ्या वहीच्या पानाचा फोटो