गाठीच्या तपासणीसाठी मदतीचे आवाहन

सप्रेम नमस्कार.

लिम्फोमाच्या, म्हणजे लसीकाग्रंथींच्या कर्करोगाच्या, रुग्णांसाठीचा आपल्या समितीचा तपासणी निधी संपत आला आहे आणि पेठ-सुरगाण्याकडून येणारे रुग्ण थांबलेले नाहीत. म्हणून घाईने हे पत्र.

आधी ऋण मानायला हवे. भांडी बाजारातल्या व्यापारी बंधूंनी पहिल्या वर्षापासून कधीच हात आखडता घेतला नाही. गारपिटीने द्राक्षबागा झोपल्या त्या हंगामातही निफाडच्या बागायतदारांनी आपला वाटा पोचता केला. पंचवटीच्या भजनी मंडळातल्या भगिनींनी तर आरतीच्या ताटातली नाणी मोजून, पुरचुंडी बांधून आणून दिली. त्या पैशांतून झालेल्या तपासण्या आम्ही वहीत वेगळ्या पानावर जपल्या आहेत.

गेल्या दोन आवाहनांना मात्र फारच थोडा प्रतिसाद आला, याचे वाईट वाटले. ‘केमोला देऊ, तपासणीला कशाला?’ असेही ऐकावे लागले. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत केमो बसते, पण मंजुरीला बायोप्सीचा, म्हणजे गाठीचा तुकडा तपासल्याचा, पक्का अहवाल लागतो. त्या अहवालापर्यंतचा खर्च बहुधा घरच्यांवरच पडतो, आणि गरिबाचा उपचार तिथेच अडतो. मानेतली गाठ टीबीची समजून, तुकडा न तपासताच महिनोन्‌महिने गोळ्या चालतात, त्यामागेही हेच.

काही लिम्फोमांच्या मुळाशी विषाणू असतो. १९६४ मध्ये एप्स्टाइन, अचाँग आणि बार यांनी बर्किट या प्रकारच्या लिम्फोमाच्या पेशींत असा विषाणू दाखवला. तो ९० टक्क्यांहून अधिक प्रौढांच्या अंगात निमूट असतो, म्हणून रक्तात त्याची प्रतिपिंडे (अँटिबॉडी) सापडली याचा अर्थ कर्करोग नव्हे. त्या रक्ततपासणीवर पैसे घालवू नयेत. विषाणू गाठीच्या पेशींतच शोधावा लागतो आणि त्यासाठी ईबर चाचणी आहे. ती विषाणूचा आरएनए, म्हणजे त्याचा जनुकीय रेणू, पाहते. गाठ सलाइनमध्ये पाठवली तर सडते. फॉर्मेलिन या टिकवण्याच्या द्रवात ठेवली, पण ते साधे, आम्लधर्मी असले आणि गाठ त्यात पडून राहिली तर आरएनए तुटतो आणि चाचणी खोटी ‘निगेटिव्ह’ येते. यासाठी रुंद तोंडाची बरणी, १० टक्के बफर केलेले (आम्लता घालवलेले) फॉर्मेलिन, तेही गाठीच्या दहापट हवे. सुईच्या तपासणीवर भागत नाही, जमेल तिथे गाठ अख्खीच काढावी. त्याआधी स्टेरॉइड सुरू झाले की गाठ विरते आणि निदान हुकते.

गाठीच्या तपासणीशिवाय दुसरा खर्च हिपॅटायटिस बी या यकृताच्या विषाणूच्या दोन तपासण्यांचा : पृष्ठभागी प्रतिजन (विषाणू आत्ता अंगात आहे का) आणि कोअर प्रतिपिंड (तो कधी अंगात शिरला होता का). लिम्फोमावरच्या रिटुक्सिमॅब या औषधाने प्रतिकारशक्तीच्या बी पेशी नाहीशा होतात, यकृतात दबून बसलेला विषाणू उसळतो आणि यकृत निकामी होऊ शकते. पहिल्या डोसाआधी हे कळले तर विषाणूविरोधी गोळ्या देऊन टाळता येते. त्या गोळ्या शेवटच्या डोसानंतरही किमान वर्षभर घ्याव्या लागतात. बरे वाटले म्हणून मध्येच सोडू नयेत. हिपॅटायटिस सी आणि एचआयव्हीही तपासतो. प्लीहेच्या एका सावकाश वाढणाऱ्या लिम्फोमात नुसता सीचा विषाणू घालवल्यानेही आजार ओसरतो, इतका हा संबंध जवळचा आहे.

हवे ते असे : रोख किंवा समितीच्या नावे धनादेश, झाकण घट्ट बसणाऱ्या बरण्या (फॉर्मेलिन आम्ही भरू, घरी आणू नये), मुंबईत परळला ब्लॉक (मेणात बसवलेले गाठीचे तुकडे) पोचवायला पंचवटी एक्सप्रेसने नेहमी जाणारे दोघे, प्लेटलेट देऊ शकणाऱ्यांची नावे, रक्तगटासह. नेहमीच्या कार्यालयात सायं. ६ ते ८, सोमवार सोडून. पावती लगेच मिळेल. रुग्ण पाठवताना शिधापत्रिका, आधार आणि जुने सगळे कागद सोबत द्यावेत.

आपला,
कार्यवाह, नाशिक